दुसरी ओळ

शेषगिरी मास्तर गायला लागले तेव्हा कुसुमावतीबाईंच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी त्या पायानं चाचपडत होत्या.

“येसुवे, कै हिडि...”

आवाज घोगरा, सूर घसरलेला, पण शब्द स्वच्छ. अर्धांगाचा झटका येऊन वर्ष उलटलं होतं आणि तेव्हापासून मास्तरांच्या तोंडून ‘हं’खेरीज काही निघालं नव्हतं. दूध हवं तरी हं, नको तरी हं. आणि आज हा माणूस कानडीत अख्खी ओळ गायला. येसू, हात धर.

कुसुमावतीबाई तशाच एका चपलेनिशी आत धावल्या. मळमड्डीतल्या त्या घरात चप्पल घालून कुणी माजघर ओलांडण्याची ही पहिलीच वेळ असावी. पलंगाशी रत्नमणी बसली होती. मास्तरांचा लुळा उजवा हात तिच्या हातात होता.

“अक्का, ऐकलात काय? सर बोलले की हो!” रत्नमणी हसतही होती आणि पदरानं डोळेही पुसत होती.

“अहो, पुन्हा एकदा म्हणा की,” कुसुमावतीबाई म्हणाल्या. “एकदाच म्हणा.”

मास्तरांनी पुन्हा म्हटलं. आणि नेमके तेव्हाच दारात रामचंद्रराव येऊन उभे राहिले, हातात आंब्यांची करंडी घेऊन.

रामचंद्रराव म्हणजे मास्तरांचे धाकटे भाऊ, हुबळीत वकील. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणून अण्णाला हापूस घेऊन आले होते. भावाचा आवाज कानी पडताच त्यांचे डोळे भरून आले, हे कुणी नाकारू नये. शब्द कानात शिरले ते त्यानंतर.

“वहिनी, अण्णा काय म्हणालालाय हे?”

कुसुमावतीबाई पायातली चप्पल काढण्यात गुंतल्या. उत्तर सोपं नव्हतं.

रत्नमणी गल्लीच्या टोकाच्या चर्चमधली, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. तिथल्या बायकांचं एक मंडळ होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी आठवड्यातून एकदा जायचं, दोन तास बसायचं आणि घरच्या बाईला तेवढं मोकळं करायचं. कोण कुठल्या जातीचं, हे विचारायचं नाही. कुसुमावतीबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी विचारलं होतं आणि अटही घातली होती. आमच्या घरात प्रार्थना नको, पुस्तक नको.

“देवाला मी बाहेर चपलांपाशीच ठेवून येते, अक्का,” रत्नमणी म्हणाली होती. “सरांना कुशीवर वळवायला मी एकटी पुरते.”

गाण्याचा प्रवेश झाला तो व्यायामामुळे. एक, दोन, तीन म्हणत हात हलवायला घेतलं की मास्तर चिडून डावा हात उगारत. जन्मभर गणित शिकवलेल्या माणसाला आकडे सोसेनात! शेवटी रत्नमणीनं एक चाल धरली. पहिल्या ओळीला मूठ आवळायची, दुसऱ्या ओळीला सोडायची. मास्तर निमूट ऐकू लागले. आता गाणं म्हणजे काही प्रार्थना नव्हे, अशी कुसुमावतीबाईंनी स्वतःची समजूत घातली. दोन तासांसाठी माणूस स्वतःची बरीच समजूत घालतो.

त्या दोन तासांत त्या काय करत? काही नाही. कोपऱ्यावरच्या गाड्यापाशी उभ्या राहून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात, सोबत एक मिरची भजी. रस्त्यावर उभं राहून खाण्याची चैन त्यांनी पासष्टी ओलांडल्यावर पहिल्यांदा केली. मग रिक्षा, स्कूटरी चुकवत स्टेशनपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. पण त्या वेळात कुणी त्यांना हाक मारत नसे. घरात औषधं, कपडे, पेज, पुन्हा कपडे. पगारी बायका दोनदा ठेवून झाल्या, दोघीही मास्तरांच्या डाव्या हाताचे फटके खाऊन गेल्या. रत्नमणीचा बुधवार होता म्हणून बाकीचे दिवस निघत होते.

“व्यायामाचं गाणं आहे, भावजी,” त्या अखेर म्हणाल्या. “बोलले तर खरं!”

“व्यायामाला आपल्यात दुसरं काही नाही काय? ह्या तोंडानं जन्मभर सहस्रनाम म्हटलंय!”

मग वर्षभर सहस्रनाम का नाही फुटलं त्या तोंडातून, असं कुसुमावतीबाईंच्या जिभेवर आलं होतं. आलेलं गिळलं. आपलेच दात, आपलेच ओठ. मास्तरांनी हयातभर गणित शिकवलं ते मिशनच्या शाळेत आणि रामचंद्रराव चार बुकं शिकले तीही तिथंच. तेव्हा कुणाला विटाळ झाला नव्हता. पण हेही त्या बोलल्या नाहीत. भावजींच्या लेकीचं, निवेदिताचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडची माणसं फार चौकस होती.

रामचंद्ररावांनी रत्नमणीला हात जोडले. आवाज चढवला नाही, हेच वाईट.

“बाई, तुम्ही केलात ते फार केलात. पुढच्या बुधवारपासून येऊ नका. उद्या कुणी धर्मांतराची तक्रार दिली तर वकील असून मला तुम्हाला सोडवता येणार नाही.”

रत्नमणीनं मास्तरांचा हात उशीवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली आणि उठली. कुसुमावतीबाईंकडे तिनं पाहिलं. त्यांनी आंब्यांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना स्वतःची लाज वाटली.

“मदत लागली तर आम्ही नाही काय, वहिनी?” जाताना रामचंद्रराव म्हणाले. वर्षभरात त्या ‘आम्ही’ला एकही बुधवार सापडला नव्हता. दोन दिवसांनी त्यांच्याकडून एक छोटा स्पीकर आला. बटण दाबलं की सहस्रनाम सुरू. बंगळूरहून दीपश्रीचा फोन आला, “आई, काकांचं चुकलंच. पण तू वाढवू नकोस. मी सुट्टी मिळाली की येते.” लेकीला सुट्टी मिळायची होती, आईला असलेली गेली होती.

बुधवार आला. कुसुमावतीबाईंनी सवयीनं पातळ बदललं, वेणी घातली, खिडकीशी उभ्या राहिल्या. कुणी आलं नाही. मग त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. मास्तरांच्या दोन्ही बाजूंना लोड लावले, दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि चर्चकडे निघाल्या. किल्ली मुठीत धरूनच चालत होत्या.

चर्चच्या हॉलमध्ये म्हातारी माणसं जेवायला बसली होती. निम्म्यांच्या कपाळावर कुंकू नाहीतर विभूती. मंडळातल्या बायका सांबार वाढत होत्या. रत्नमणी दिसली नाही, तिला हुबळीत गोकुळ रोडच्या बाजूला कामगारांच्या घरी पाठवलं होतं. पाळक तरुण होते, बोलायला मऊ. दोघंही कानडीतच बोलले.

“इथं आलेल्याला आम्ही जेवू घातलं तर कुणी काही म्हणत नाही, अम्मा. पण आम्ही तुमचा उंबरा ओलांडला की त्याच कामाला लोक दुसरं नाव देतात. बायका साध्या आहेत आमच्या. त्यांना पोलीस ठाण्याची पायरी चढायला लावू काय?”

“मीच बोलावलंय म्हणून सांगेन की.”

“आणि तुमचे दीर?”

कुसुमावतीबाईंनी मुठीतली किल्ली दुसऱ्या हातात घेतली.

“सरांना इथं घेऊन या. रत्नमणीअक्का इथं हात चालवून घेईल.”

मास्तरांना चौघांनी उचलून रिक्षात घातलंय, रिक्षा चर्चच्या फाटकात वळतेय आणि सगळी मळमड्डी खिडकीत उभी आहे, असं चित्र बाईंच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं.

“मग मी काय करू?”

“नम्म कैयाग इल्लरी, अम्मा,” पाळक म्हणाले. आमच्या हातात नाही. आणि ते खरं होतं. त्या बिचाऱ्यालाही कुलूप बाहेरूनच लागलेलं होतं.

धावतपळत घरी आल्या. मास्तर दाराकडे डोळे लावून होते. त्यांना पाहून म्हणाले, “हं.”

त्या एका हुंकारानं कुसुमावतीबाईंचं धाबं दणाणलं. आलेली वाचा आठ दिवसांत परत निघाली होती. हात उचलून पाहिला तर ओल्या कापडासारखा लोंबला. त्यांनी स्पीकर लावला. मास्तर आढ्याकडे बघत पडून राहिले. मग बाईंनी आपली अक्कल चालवली. चाल तीच ठेवली आणि नाव बदललं, “पांडुरंगा, कै हिडि.” उत्तर खोडून भलतंच लिहिणाऱ्या पोराकडे पाहावं तसं मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

कुसुमावतीबाई उठल्या. पुढचं दार लावलं, मागचं लावलं. मे महिन्याच्या उकाड्यात एकेक खिडकी ओढून घेतली. रस्त्याकडची तेवढी फटीएवढी उघडी ठेवली, तिथं स्पीकर बाहेर तोंड करून ठेवला आणि आवाज मोठा केला. गल्लीला सहस्रनाम ऐकू जाऊ दे. स्पीकरला हात जोडले, चुकलं तर पदरात घे म्हणाल्या आणि पलंगाशी येऊन नवऱ्याचा हात हातात घेतला.

“येसुवे, कै हिडि,” त्या पुटपुटल्या. जन्मात पहिल्यांदाच ते नाव त्यांच्या तोंडून निघत होतं.

मास्तरांच्या डोळ्यांत काहीतरी हाललं. “येसुवे,” ते म्हणाले, चांगले मोठ्यानं. “कै हिडि.” आणि बोटं मिटली. आधी हळू, मग घट्ट. कुसुमावतीबाईंना रडू फुटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मास्तरांनी असा हात कधी धरला नव्हता.

“झालं की. आता सोडा.”

मास्तर सोडेनात. बाईंनी हात ओढून पाहिला, तशी पकड आणखीच आवळली. ते त्यांच्या तोंडाकडे बघत होते, वर्गात फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराच्या उत्तराची वाट बघावी तसे. तेव्हा कुठं त्यांच्या ध्यानात आलं. सोडायची ती दुसऱ्या ओळीला.

पहिली ओळ त्यांनी चपला घालताना दर बुधवारी ऐकली होती. दुसरी सुरू व्हायच्या आत त्या फाटकाबाहेर पडलेल्या असत.

“मला येत नाही हो ती,” त्या म्हणाल्या.

खिडकीतलं सहस्रनाम संपत आलं होतं. कुसुमावतीबाईंनी मोकळ्या हातानं स्टूल ओढलं आणि पलंगाशी टेकल्या. दाराशी त्यांच्या चपला होत्या, घाईत काढलेल्या, एक सुलटी, एक उपडी.