जखमेतला ज

फोन ताईचा होता, आणि ताई फोनवर कधी 'हॅलो' म्हणत नाही. सरळ भांडायलाच लागते.

"पोरगी मांडीवर मरायला टेकलीय आणि तू तिच्याकडे पाण्याचा जग मागतोस? लाज नाही वाटत?"

"कुठली पोरगी?"

"त्या मेल्याची रे! कालचा भाग. ती पिकल्या केसांची पोर त्याच्या मांडीवर पडलीय, आणि हा वाकून काय म्हणतो, तर जग! अरे, पाणी हवंय तर उठून घे की. हसता हसता माझी सुई मोडली."

घसा अंथरुणात उठून बसला.

त्याला नाव आहे, पण स्टुडिओत ते कुणी घेत नाही. तिथे 'घसा आला का', 'घशाला चहा द्या' असंच चालतं. परदेशी मालिकेतला तो नऊशे वर्षांचा योद्धा, ज्याला मरण नाही, तो आपल्या भाषेत बोलतो तो याच्या गळ्यातून. पडद्यावरचा देखणा गडी कोण कुठला. पण त्याने तोंड उघडलं की आत घसा. इतकी वर्षं. स्टुडिओत त्या योद्ध्याला सगळे 'म्हातारा' म्हणतात, आणि मागच्या महिन्यात त्यांनीच घशाला सांगितलं होतं, पर्व संपलं, म्हातारा सुट्टीवर गेलाय, तुम्हीही आराम करा.

"ताई," तो म्हणाला, "मी महिनाभर स्टुडिओची पायरी चढलेलो नाही."

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

"मग काल बोललं कोण?"

थांब. परत. आधी ज नीट लावू.

आपल्याकडे ज दोन आहेत आणि अक्षर एकच. एक जेवणातला ज, दुसरा जखमेतला ज. जेवणातल्या ज ने म्हटलं तर जग म्हणजे दुनिया, किंवा पाण्याचं भांडं. जखमेतल्या ज ने म्हटलं तर जग म्हणजे मरू नकोस. हे कुणी शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर येतं आणि जाताना बरोबर जातं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कागदावर वाढलेल्याला ते कळत नाहीत.

हा शब्द घशानेच शोधला होता, पहिल्या पर्वात. मूळ भाषेत तिथे म्हाताऱ्याचं तोंड एकदाच उघडतं आणि अर्धं उघडं राहतं. भाषांतरवाल्याने लिहिलं होतं 'जिवंत राहा'. घसा म्हणाला, तोंड एकदा उघडतंय, मी पाच घास कसे कोंबू? मग त्याने तो छोटा शब्द टाकला. त्यातला ग घशात संपतो, ओठांना शिवत नाही. अगदी मापात बसला. तेव्हापासून रणांगणावर कुणीही म्हाताऱ्याच्या हातात कोसळलं की तो एवढंच म्हणतो. लोक एकमेकांना वाढदिवसाला तो शब्द पाठवतात.

आणि घसा तो शब्द कधी चुकला नव्हता. सर्दीत नाही, तापात नाही, बायको गेली त्या आठवड्यातही नाही.

परत.

म्हाताऱ्याचं आयुष्य, घशाच्या बाजूने:

जन्म बर्फात. घशाला तीन कप कडक चहा, कारण थंडीने कापणारा आवाज गरम पोटातूनच नीट निघतो.

पहिलं मरण भाल्याने. 'आऽक्' असा आवाज, पण शेवटी हवा बाहेर नाही, आत. भाला आत जातो ना.

दुसरं मरण प्रेमात. बाई म्हातारी होऊन गेली, हा तसाच कोरा. तिथे म्हातारा नुसता श्वास घेतो. तो श्वास घशाने दुपारभर घेतला आणि घेरी येऊन खाली बसला.

बुडून मरण, बादलीत तोंड घालून. जळून मरण, तेव्हा बाहेर आल्यावर घसा दोन दिवस खुणांनी बोलत होता आणि ताई म्हणाली होती, बरं झालं, कानाला शांतता.

मग सिंहासन, मग सिंहासन सोडणं, मग लेक. सगळ्या लढायांतून त्याने खांद्यावर मिरवलेली लेक, जी वाढली, वाकली, पिकली, आणि बापाच्या तरण्या मांडीवर पांढरं डोकं ठेवून पडली.

इथपर्यंत येण्यासाठी घसा इतक्या वेळा मेला होता. आणि इथेच त्याला बोलावलं नाही.

रिक्षात बसल्यावर त्याला आठवलं. मागच्या हिवाळ्यात दोन दुपारी त्याला बोलावलं होतं. "नवा माइक आलाय, जरा तपासायचाय." वाचायला दिलेली वाक्यं अशी: निळी घागर घोड्यावर बसली. मामाच्या टोपीत ढग शिरला. हे आनंदाने म्हणा, हे रडून म्हणा, हे दमून म्हणा. घशाने मजेत म्हटलं, वर दोन वाक्यं पदरची घातली. लोक दुसऱ्याची जमीन घशात घालतात. यांनी घसाच घशात घातला, आणि हा गाढव वर मीठ-मसाला वाढत होता.

"काय म्हणालात?" रिक्षावाला म्हणाला.

"तुम्हाला नाही, स्वतःला शिव्या देतोय."

"मग द्या. निवांत द्या."

स्टुडिओत मालकीणबाई स्वतः दारापर्यंत आल्या. तरुण, हसऱ्या, स्वच्छ बोलणाऱ्या.

"सर! बरं झालं आलात, आम्ही फोन करणारच होतो. एक छोटीशी अडचण झालीय."

"अडचण? चोरी म्हणा."

"बसा ना. पाणी?"

"जगभर आणा," घसा म्हणाला. कोपऱ्यात बसलेला ध्वनिमुद्रक फिस्सकन हसला आणि त्याने लगेच मान खाली घातली. त्याला सगळे कानसेन म्हणतात. घशाबरोबर त्याचेही केस याच खोलीत पिकलेत.

"तेच तर सर," मालकीणबाई म्हणाल्या. "तो एक शब्द तुमचा आवाज शिकलेल्या मशीनला जमत नाहीये. बाकी सगळं सुंदर, शंभर टक्के तुम्हीच. पण त्या शब्दावर लोक हसले. काल रात्रीपासून त्याच्या हातात तलवारीऐवजी पाण्याचा जग दाखवणारी चित्रं फिरतायत. तुम्ही तेवढा एक शब्द देऊन जा. पाच मिनिटांचं काम."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं झालंय ना."

"मला न विचारता?"

"सर, करारात आहे. त्या खोलीत काढलेला प्रत्येक आवाज कंपनीचा." त्यांचा सूर अजूनही गोडच. "आणि वाईट कशाला वाटून घेता? कलाकार जातो, आवाज राहतो. तुम्ही आता खरे अमर झालात."

"माणूस मेल्यावर अमर होतो, बाई. मी रिक्षा करून आलोय."

त्यांना हसावं की नाही कळेना. घशाने टेबलावर दोन्ही तळहात टेकले.

"ऐका. शब्द हवाय ना? देतो. पण मग पुढचा प्रत्येक भाग माझ्या गळ्यातून. प्रत्येक मरण, प्रत्येक श्वास. ते मशीन बंद. नाहीतर शब्द नाही, आणि तुमचा म्हातारा दर आठवड्याला भांडं मागत बसू दे."

मालकीणबाईंनी कानसेनकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"सर, अगदी नाहीच जमलं तर आम्ही शब्द बदलू. 'जिवंत राहा' करू. तुमच्यावर अडून काही नाहीये. मानाने बोलावलंय, इतकंच."

इतकंच.

इतकी वर्षं जपलेलं हत्यार म्हणून त्याने कनवटीतून काढलं, तर निघाला चमचा.

कानसेन उठून जवळ आला. "घश्या," तो हळूच म्हणाला, "जा आत. एकदा म्हण आणि सुट. माझंही बघ जरा. उद्या कानाचंही मशीन येईल."

"येऊ दे! तुझ्या जागी बसेल आणि तुझ्यासारखंच मूग गिळेल. इतके दिवस माझ्याविना माझा आवाज ऐकत होतास, एक फोन नाही झाला तुझ्याच्याने? ताईने केला! पाठमोरी बसून शिवणाऱ्या ताईला एका भागात कळलं!"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," कानसेन म्हणाला.

आणि घसा आत गेला. शब्द द्यायला नाही, ओरडायला. ती खोली त्याच्यासाठीच होती ना? गादीच्या भिंती, एक दिवा, समोर पडदा, नाकासमोर माइक. दार लागलं. पडद्यावर म्हातारा वाकला, मांडीवर पांढरं डोकं. लाल दिवा लागला.

"चोरांनो!" घसा गरजला. "हरामखोरांनो! ही पोर मी वाढवलीय! ही पहिल्यांदा रांगली तेव्हा हसलं कोण? हिला ताप आला तेव्हा अंगाई कुणाच्या गळ्यातून निघाली? त्या गोऱ्याच्या? तो कुठल्या भाषेत हसतो ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला? बाप मी आहे हिचा, आणि मरणाच्या वेळी बापाला दाराबाहेर ठेवून तुम्ही त्याचं भूत बोलवता, आणि त्या भुताला ज येत नाही!"

कानात मालकीणबाईंचा आवाज आला. मऊ, आनंदी.

"सर, अप्रतिम. हे चालू ठेवा. फक्त माइकच्या थोडं जवळ या. आपल्याकडे रागाचे नमुने फार कमी आहेत."

घसा गप्प झाला.

त्या खोलीत काढलेला प्रत्येक आवाज.

ओरडला तर त्यांचा. रडला तर त्यांचा. खोकला तरी उद्या म्हातारा एखाद्या गुहेत तसाच खोकेल. शिवी दिली तर शत्रूवर वापरतील. त्याने काचेतून पाहिलं. मालकीणबाई अंगठा दाखवत होत्या. कानसेन खाली बघत होता.

"परत," कानात कानसेन म्हणाला. सवयीने.

चित्र मागे गेलं. म्हातारा पुन्हा वाकला. घशाने तोंड उघडलं.

पूर्ण उघडलं. मान ताणली, शिरा फुगल्या, पोट आत गेलं, ओठ, जीभ, टाळू सगळं जिथल्या तिथे. म्हाताऱ्याचं तोंड उघडलं तेव्हा उघडलं आणि अर्धं राहिलं तेव्हा अर्धं राहिलं. जखमेतला ज, दातांच्या मागे, जिथे असतो तिथेच. फक्त हवा सोडली नाही.

बाहेर आवाज मोजणारा काटा हलला नाही.

"सर, आवाज येत नाहीये."

परत. म्हातारा वाकला. घसा त्याच्याबरोबर वाकला. पडद्याखाली लिहून येणारा सगळा संवाद त्याने तसाच म्हटला, अक्षर न अक्षर, लेकीला उचलताना, आभाळाकडे बघताना, एक श्वासही ऐकू न देता. रागाने त्याचे डोळे गळत होते, पण डोळ्यांना आवाज नसतो, ते त्यांच्या करारात नव्हते.

"माइक गेला का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"माइक ठीक आहे," कानसेन म्हणाला. मग त्याने कानावरचे हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले. "ऐकायला काही नाही, मॅडम."

घसा बाहेर आला. मालकीणबाई काहीतरी समजुतीचं बोलत होत्या. तो त्यांच्या समोरून गेला, चहावाल्यासमोरून गेला, चहावाला म्हणाला, "काय घसा, आज अगदी मुके?" त्यालाही उत्तर दिलं नाही. त्या इमारतीत आता त्याला चपलांचासुद्धा आवाज ठेवायचा नव्हता. चपला काढून हातात घेतल्या आणि जिना अनवाणी उतरला.

रस्त्यावर आला आणि मग फुटला. समोरच्या फलकावर म्हातारा तलवार उगारून उभा होता, घराएवढा. त्याच्याकडे बघून घशाने आईबहिणीवरून सुरुवात केली आणि सात पिढ्यांपर्यंत पोहोचला. बसची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. एका बाईने कौतुकाने मान हलवली.

"नक्कल बरी करता हो," ती म्हणाली. "पण तो जरा जास्त खर्जात बोलतो."

पुढच्या आठवड्यात तो भाग दुरुस्त करून पुन्हा दाखवला. घसा ताईकडे होता. ताई नेहमीसारखी टीव्हीकडे पाठ करून शिवत होती. ती ही मालिका बघत नाही, ऐकते; फार तर मानेवरून एखादी नजर. म्हाताऱ्याला ती पहिल्या भागापासून 'मेला' म्हणते. आपल्या नवऱ्यालाही जन्मभर मेलाच म्हणाली, आणि तो खरंच गेला तेव्हा तिने तो शब्द टाकला. या एकासाठी मात्र राखून ठेवला, कारण हा मरायचा नाही.

मांडी आली. पांढरं डोकं आलं. म्हातारा वाकला.

"जिवंत राहा," घशाचा आवाज म्हणाला, स्वच्छ, खर्जात, एकही चूक नाही.

ताईचं मशीन थांबलं. ती प्रथमच पूर्ण वळली आणि पडद्याकडे टक लावून पाहू लागली. म्हाताऱ्याचं तोंड पहिल्या दोन अक्षरांतच थांबलं होतं, आणि शब्द पुढे चालले होते.

"तोंड थांबलंय," ती म्हणाली, "आणि बोलतोय मेला."

घशाने जबडा इतका आवळला होता की कानशिलं दुखत होती.

ताईने रिमोट घेतला आणि आवाज बंद केला. पडद्यावर म्हातारा नुसताच तोंड हलवत राहिला, मासा हलवतो तसं.

"घे," ती म्हणाली. "तू बोल. इथे कुणाच्या बापाचा करार नाही. माझ्या घरात नीट बोलव त्याला."

घशाने पाहिलं. म्हाताऱ्याने लेकीचे डोळे मिटले, उठला, तलवार उचलली. पुढे सैन्य, पुढे आणखी नऊशे वर्षं. त्या दिवशी मुक्याने म्हटलेली प्रत्येक ओळ घशाला पाठ होती, जिभेच्या टोकाशी येऊन थांबत होती. त्याने रिमोट ताईच्या हातातून घेतला आणि मशीनच्या खणात टाकला, रिळांखाली.

"नाही."

"अरे, तुझाच आहे ना तो?"

"होता. आता मुका राहू दे."

"मुका मरेल की रे."

"तो कसला मरतोय," घसा म्हणाला, आणि जखमेतल्या ज वर दात इतके रोवले की ताईने चमकून वर पाहिलं. "मुकाच जगू दे."