उजव्या चाकाचं लॉक

मला ती गाडी नको होती. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. आमच्या ह्यांचं मात्र महिनाभर एकच पालुपद. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह वॅगन, चौकोनी पेटाऱ्यासारखी, आमच्या लग्नाच्या वयाची. ती घ्यायची, दारात उभी करायची, एकेक भाग सुटा करायचा आणि पुन्हा बसवायचा. "छंद म्हणून गं," हे म्हणाले. "आणि नट फिरवता फिरवता हात आणखी मोकळा होईल."

हात म्हणजे उजवा. गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला आणि ती बाजूच गेली. पाय परत आला, बोलणं परत आलं, हात अर्धामुर्धा आला. सगळं आयुष्य छापखान्यात मशीन चालवलेला माणूस, त्याला शर्टाचं बटण लावता येईना. मग मी काय केलं, तर शर्टांची काजं गुपचूप कापून मोठी केली. बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायला लागले. स्वतःच्या हाताने झाकण निघालं की यांचा चेहरा असा खुलायचा, की म्हटलं, जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी टाळ्या वाजवायची. मीही वाजवायचे.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, हात जेवढा यायचा तेवढा आला, आता फार आशा धरू नका. हे बाहेर बाकावर बसले होते. "काय म्हणाले?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "छान चाललंय म्हणाले."

तेव्हापासून ते वाक्य पोटात घेऊन हिंडतेय. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहायचं, लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या, घरी येऊन स्वयंपाक, औषधं, आणि वर हे नाटक. पार विटून गेलाय जीव. आणि या नाटकाचं फळ काय, तर यांना वाटायला लागलं की हात झपाट्याने सुधारतोय, आता एखादी गाडी खोलायला हरकत नाही. करायला गेले काय नि वर झाले पाय.

शेवटी गाडी बघायला गेलो. ती एका रोपवाटिकेच्या मालकाची होती. गप्पिष्ट माणूस. दार जरा वर उचलून ओढायचं, खिडकीची काच हाताने धरून चढवायची, हॉर्न थंडीत वाजत नाही, हे सगळं तो लाडक्या नातवाच्या खोड्या सांगाव्यात तसं सांगत होता. हे ऐकत होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. इतकं मोकळं हसताना मी यांना वर्षभरात पाहिलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

"चिखलात घालून बघा, खरी गंमत तिथे आहे," मालक म्हणाला. रोपांना पाणी घालून घालून मागच्या बाजूला चांगलाच राडा झाला होता. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक चकती असते, ती खाली उतरून हाताने फिरवायची आणि लॉक करायची. तरच पुढची चाकं ओढतात. एकाच बाजूची फिरवली तर काही उपयोग नाही.

यांना गाडी चालवायला बंदी, म्हणून स्टिअरिंगवर मी. "लॉक मी करतो," हे म्हणाले. डावीकडची चकती डाव्या हाताने फिरवली. मग माझ्या खिडकीखाली आले, वाकले आणि मुद्दाम उजवा हात पुढे केला. मला फक्त मान दिसत होती, लाल झालेली. बराच वेळ गेला.

"झालं," म्हणाले आणि शेजारी येऊन बसले.

मी गाडी चिखलात घातली. दहा-वीस पावलं गेली असेल नसेल, मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि आम्ही रुतलो. "लॉक बघा, लॉक," मालक लांबून ओरडला. मी खाली उतरले. घोट्यापर्यंत पाय चिखलात. उजवीकडची चकती अर्धीच फिरली होती.

चकती फिरवून टाकायला मला किती वेळ लागला असता? काहीच नाही. वर्षभर तेच तर करत होते. पण माझाच हात उचलेना. खरंच सांगते, त्या क्षणी मला फक्त तिथेच चिखलात बसावंसं वाटलं.

"अहो, उजवं लॉक लागलेलं नाही," मी म्हटलं.

"लावलं की मी."

"अर्धंच फिरलंय. बरण्यांची झाकणंही तुमच्या हाताने निघत नाहीत. मी आधी सैल करून ठेवते."

यांनी विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि डॉक्टर? खरं काय म्हणाले होते?"

"जेवढा यायचा तेवढा आला म्हणाले. मी दमले हो. मला नाही आता हे जमत."

मालक आमच्याकडे यायला निघाला होता, तो काय समजायचं ते समजून मागे फिरला. यांनी उजवा हात मांडीवर घेतला, कुणा परक्याचा बघावा तसा बघितला. "सगळ्या जगाने केलं असतं तर चाललं असतं," हळूच म्हणाले. "तू मला लहान मूल केलंस."

हे खाली उतरले, गाडीला धरत धरत माझ्या बाजूला आले, आणि डाव्या हाताने चकती फिरवली. एका झटक्यात फिरली.

"काढ गाडी."

काढली. सुरळीत निघाली बाहेर. हे आत बसले नाहीत, मागून चिखल तुडवत एकटेच कडेला आले. एकदा तोल गेला. मी आरशात बघत होते, पण उतरले नाही.

मालकाने मला विचारलं, "मग काय ठरलं, वहिनी?" वर्षभर सगळे मलाच विचारतात, हे समोर उभे असले तरी.

"मला कशाला विचारता?" मी म्हटलं. "त्यांना विचारा."

यांनी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला, डावा. "नको," म्हणाले. "गाडी उत्तम आहे. पण नको."

महिनाभर मला हाच शब्द ऐकायचा होता. ऐकला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.