धिंगरीच्या अंगावरची जाळी

मी बुरशी बोलतेय. मुरडलंत ना नाक? पावावर उगवते ती मी नव्हे. मी अळंबीच्या अंगावर वाढते, तिचंच खाऊन. मला छत्री नाही, देठ नाही, रूप तर नाहीच. नुसती पांढरी जाळी.

यंदा, गावात एसटीडी बूथ आला तेव्हा, निफाडजवळच्या एका मळ्यात कुसाबाईनं शेळ्यांच्या रिकाम्या शेडमध्ये धिंगरी अळंबी लावली. भुसा भरलेल्या पिशव्या टांगल्या. भुशाबरोबर मीही आत आले, न बोलावता. तिचा नवरा खंडेराव म्हणाला, "कुत्र्याच्या छत्र्या कोण खानार? एवढं एक पीक बघतो. नायतर शेळ्या आणून बांधतो." शेड राहणार की जाणार, ते या पिकावर होतं.

पिशव्यांतून धिंगऱ्या फुटल्या आणि कुसाबाई वेडीच झाली. पाणी शिंपडताना लाड काय, बोलणं काय! "माझं सोनं ते! काल एवढुसं होतं!" माझा नुसता जळफळाट. एकाच भुशात राहतो आम्ही, मग या धिंगरीचंच कौतुक का म्हणून? थांब गं बये, म्हटलं, आणि चढले तिच्या अंगावर.

कुसाबाईनं वाकून पाहिलं. आता ओरडणार, असं मला वाटलं. तर म्हणते कशी, "अगं बाई, लव फुटली वाटतं! थंडी वाजती का माझ्या सोन्याला?" आणि वरून ओलं गोणपाट पांघरलं! ओल मिळाल्यावर मी पसरतच सुटले. पण लव माझी, आणि सोनं मात्र ती. जीव नुसता जळत होता माझा.

गोणपाट काढलं तेव्हा त्या पिशवीतल्या धिंगऱ्यांनी माना टाकल्या होत्या. कुसाबाई मटकन खाली बसली. "गेली माझी शेड," म्हणाली.

एरवी टोमणे मारणारी तिची सासू भागीबाई आत आली. "नजर लागली गं कुनाची तरी." तिनं मूठभर मीठ-मोहरी पिशवीवरून ओवाळली. ओवाळून झालं की चुलीत टाकायचं असतं. पण म्हातारी म्हणाली, "ही नजर घरात कशाला न्यायची?" आणि मूठ तिथंच, माझ्यावर रिकामी केली.

नजर माझीच होती. मीठ असं झोंबलं की मी जागच्या जागी आक्रसले. सकाळी कुसाबाईला दिसलं, मीठ पडलं तिथली जाळी मेली होती आणि शेजारच्या पिशव्या धडधाकट होत्या. मग काय, मी दिसेन तिथं मिठाचा ढीग आणि वर पालथी वाटी.

पीक आलं. काल खंडेराव शेडच्या दारातच धिंगरीच्या भाजीचं ताट घेऊन बसला. "लय भारी झालीय. वाढ अजून." शेळ्यांचं नावही काढलं नाही त्यानं.

मी वाटीखाली आहे. एक धागा उरलाय. वाटी उचला असं म्हणणार नाही, कारण मी सुधारायची नाही. पण वाटी घालताना कुसाबाई खाली वाकली आणि माझ्याशी, फक्त माझ्याशी बोलली, "मर इथंच, सटवे!"

धिंगरीला ती कधी सटवी म्हणाली नाही. ते नाव तेवढं माझं. हात जोडते, ते तरी तिला देऊ नका.