सातव्या नंबरचा प्रश्न

दिवाळीचा फराळ डब्यात असायचा तोवरच आमच्याकडे नागपूरच्या अधिवेशनाची तयारी सुरू व्हायची. माझे यजमान आमदार होऊन तेव्हा पावणेदोन वर्षं झाली होती. लोक त्यांना चुडामणभाऊ म्हणायचे. देवपुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल होतं, त्यांची खुर्ची होती आणि टेबलाच्या डाव्या अंगाला आणखी एक खुर्ची होती. ती माझी. निवडून आल्यावर पहिल्याच अधिवेशनाला गावोगावच्या अर्जांचा ढीग माझ्यापुढे ओतून हे म्हणाले होते, "पुष्पा, अमळनेरला बी.ए. उगाच केलंस का? सांग, पहिला कोणता?"

पहिला कोणता, यातच सगळी गंमत असते. सभागृहात विचारायचे प्रश्न आमदाराने महिनाभर आधी पाठवायचे असतात आणि कुठला आधी हवा, कुठला नंतर, ते नंबर टाकून कळवायचं असतं. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे एकच तास. वरच्या नंबरांचं नशीब असेल तर मंत्री उठून उत्तर देतो, चार आमदार त्याला घेरतात, दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. खालच्या नंबरांना नुसतं लेखी उत्तर मिळतं, "होय, हे खरे आहे. कार्यवाही चालू आहे." संपलं.

त्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं भांडून भांडून नंबर लावायचो. यांना पाटचारीचं पाणी आधी हवं, मला कॉलेजच्या मुलींची एस.टी. हवी. गावाकडची शेवटची गाडी तीनला सुटायची, म्हणून मुली शेवटचे दोन तास सोडून स्टॅंडवर पळायच्या. मीही तशीच पळालेली. तो प्रश्न दोन अधिवेशनं तिसऱ्या-चौथ्या नंबरला राहिला आणि लेखी उत्तरावर गेला.

मग मला दिवस गेले. बाळंतपणाला माहेरी, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. वैशाखात चिंगी झाली. तिला घेऊन गणपतीनंतर देवपूरला परत आले, तर माझ्या खुर्चीत सुनंदाबाई.

सुनंदाबाई धामणखेड्याच्या, पंचायत समितीच्या सदस्य. पस्तिशीच्या असतील. काळ्या रंगाची लुना चालवत यायच्या, पदर कमरेला खोचलेला, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पावसाळी अधिवेशनाचे सगळे प्रश्न त्यांनी यांच्याबरोबर बसून केले होते. यांना त्या भाऊ म्हणायच्या, राखी बांधायच्या, त्यामुळे मला संशय घ्यायचीही सोय नव्हती. नवऱ्यावर डोळा ठेवणारी बाई असती तर मी चारचौघींत रडू शकले असते. हिने माझ्या नवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. हिने माझी खुर्ची घेतली होती, आणि ते कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

त्या दिवाळीनंतर एका सकाळी दोघं टेबलाशी बसले होते. मी चिंगीला कडेवर घेऊन चहा घेऊन गेले.

"बाई, मग पहिला कोणता?" हे विचारत होते. तिला.

"उपकेंद्र, भाऊ. दुसरं काही नाही. दोन वर्षं झाली बांधून. कुलूप आहे, नर्स नाही. अकरा बाया गाडीत घालून तालुक्याला न्याव्या लागल्या."

"आणि मुलींच्या एस.टी.चं?" मी विचारलं.

हे कागदातून मान वर न काढता म्हणाले, "तो होऊन गेलाय ना दोनदा. टाकू की सातवा-आठवा." मग चिंगीला बघून हसले. "काय गं, तू पण प्रश्न विचारणार का?"

सुनंदाबाईंनी चहाचा घोट घेतला. "वहिनी, साखर जरा कमीच घाला मला."

दिवसभर ती साखर माझ्या डोक्यातून गेली नाही.

दुपारी यांना जळगावला पक्षाच्या बैठकीला निघायचं होतं, दोन दिवसांसाठी. आमच्याकडे एक रीत पडून गेली होती. हे कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायचे आणि मी त्यात सुवाच्य अक्षरात प्रश्न उतरवायची. जीवराम, म्हणजे यांचा कारकून, तो गठ्ठा घेऊन चाळीसगावच्या पॅसेंजरने मुंबईच्या वाटेला लागायचा. यावेळीही सह्या करून झाल्या. "अक्षर तुझंच पाहिजे," हे म्हणाले, "बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. नंबर या चिठ्ठीवर आहेत, तसेच टाक."

म्हणजे डोकं तिचं आणि अक्षर माझं.

चिंगी झोळीत झोपली होती. एका हाताने झोळीची दोरी ओढत दुसऱ्या हाताने मी लिहीत होते. उपकेंद्राचा प्रश्न लिहिला. "गेल्या दोन वर्षांत अकरा महिलांना प्रसूतीसाठी तालुक्याच्या गावी न्यावे लागले, हे खरे आहे काय?" वळणदार अक्षरात. अकरा हा शब्द लिहिताना 'क'चं पोट छान गोल आलं, एवढंच तेव्हा मनात आलं. मग एस.टी.चा प्रश्न लिहिला. चिठ्ठीवर तो सात नंबरला होता.

सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, "पोर उठनी व, आनी तू काय लिखी राहिनी?"

"झालंच, आई."

चिंगी खरंच कुरकुरत होती. तिला मांडीवर घेतलं, पाजायला लावलं, आणि तशीच बसून नंबर टाकले. एस.टी.ला एक. उपकेंद्राला सात. वाईट वाटलं नाही. उलट फार दिवसांनी आपण काहीतरी केलं असं वाटलं. चिंगी पीत पीत माझ्याकडे टक लावून बघत होती. मी तिचे डोळे झाकले, मग हसू आलं, मग काढला हात.

संध्याकाळी जीवराम गठ्ठा घेऊन गेला. यांनी परत आल्यावर काही विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. माझ्यावर विश्वास होता.

डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं. घरचा फोन बंद पडलेला, म्हणून चौथ्या दिवशी दुपारी शेजारच्या झुलालआबांकडे नागपूरहून फोन आला. आबांनी भिंतीवरून हाक मारली, तशी चिंगीला घेऊन धावत गेले.

"एस.टी.चा प्रश्न लागला," हे म्हणाले. "मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला. साडेपाचची गाडी एक तारखेपासून."

"खरंच?"

"खरंच." मग म्हणाले, "नंबर तू बदललेस?"

आबा खाटेवर बसून पेपर वाचत होते. मी तोंड भिंतीकडे वळवलं. "हो."

पलीकडे यांनी कुणाला तरी 'आलोच' म्हणून सांगितलं.

"मी बाईंना कळवलंय," हे म्हणाले, "मीच बदलले म्हणून. तू काही बोलू नकोस."

"त्यांना कधी कळवलंत?"

"सकाळी. पंचायत समितीत फोन लावला."

सकाळी. म्हणजे आधी तिला. माझ्यासाठी खोटं बोलायलासुद्धा यांनी आधी तिलाच फोन केला. बस मिळाल्याचा आनंद त्या एका शब्दाने नासला. आपण केवढं करून बसलोय ते समजायच्या ऐवजी मी फोन ठेवताना हेच मोजत होते, सकाळपासून दुपारपर्यंत किती तास होतात.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली असताना लुना दारात थांबली. मी ओट्यावर चिंगीला तेल लावत होते. सासूबाई शेजारी तुरी पाखडत होत्या. सुनंदाबाई आल्या, पण वर चढल्या नाहीत. पायरीजवळच उभ्या राहिल्या.

"या ना, ताई. पाणी आणते."

"पाणी नको. भाऊ नाहीत ते माहीत आहे. तुमच्याकडे निरोप ठेवायला आले." पिशवीतून त्यांनी एक फाइल काढून ओट्यावर ठेवली. "हे त्यांचे कागद. उद्यापासून मी येणार नाही. पुढच्या निवडणुकीला धामणखेड्यात त्यांच्यासाठी एक घरही फिरणार नाही."

सासूबाईंचं सूप थांबलं. "काय व्हयनं व सुनंदा?"

"काय व्हयनं ते तुमना पोऱ्याले विचारा," सुनंदाबाई तडकल्या. "तोंडावर म्हणे उपकेंद्र पहिलं. पाठ फिरली की एस.टी. पहिली! एस.टी.च्या रस्त्यावर सोळा गावं आहेत, मतं आहेत. धामणखेड्यात काय आहे? आमना गावनी बाई बैलगाडीमा बाळंत व्हयनी तरी कोणले काय!"

मी चिंगीचा पाय चोळत होते. तोच पाय. पुन्हा पुन्हा.

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता ती जाणार. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. यांनीच गप्प राहा म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याची आज्ञा पाळायची की झालं. फाइल उचलायची, टेबलावर ठेवायची, डावीकडच्या खुर्चीत बसायचं. यांनी परत आल्यावर विचारलं असतं, "बाई का येत नाहीत?" मी म्हटलं असतं, "रागावल्यात."

"अकरा म्हणून लिहिलं होतं ना फॉर्मावर?" सुनंदाबाई म्हणाल्या. "आता तेरा झाल्या. परवा आमच्या हिलालची सून. दगडखाणीच्या वळणावर गाडी उभी केली, दोघींनी लुगडी आडवी धरली. थंडी अशी, की लेकरू निळं पडलं होतं. पोटाशी धरून धरून आणलं गावात. वाचलं, नशीब तिचं. मुलगीच आहे." बोलता बोलता त्यांची नजर चिंगीकडे गेली. तेलाने चकचकीत झालेली, उन्हात पाय झाडत पडलेली चिंगी. त्या चटकन दुसरीकडे बघायला लागल्या.

ते त्यांचं दुसरीकडे बघणं मला सहन झालं नाही.

"ताई," मी म्हटलं, "नंबर यांनी नाही बदलले. मी बदलले."

"काय बोली राहिनी व तू?" सासूबाई ओरडल्या.

"फॉर्म मी भरले. सह्या आधीच झालेल्या होत्या. चिठ्ठीवर तुमचा पहिला होता. मी सातवा केला. हे तुमच्याशी खोटं बोलले, ते माझ्यासाठी."

सुनंदाबाईंनी विचारलं, "का?"

काय सांगणार? मुलींची कळकळ होती म्हणून, असं सांगता आलं असतं. ते थोडं खरंही होतं. पण तोंडातून निघालं ते असं, "तुम्ही माझ्या खुर्चीत बसता."

"खुर्चीत?"

"टेबलाजवळच्या."

"अहो, ती खुर्ची! एक पाय डुगडुगतो तिचा. कंबर धरते माझी." त्या हसल्या, पण ते हसणं तिथेच तुटलं. "एवढ्यासाठी, वहिनी?"

"एवढ्यासाठी."

"तुमचं बाळंतपण दवाखान्यात झालं ना?"

"हो."

त्यांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट ओढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सासूबाई पुटपुटत आत निघून गेल्या. चिंगी रडायला लागली. मी तिला फडक्यात गुंडाळलं आणि उभी राहिले.

"अधिवेशन अजून नऊ दिवस आहे," मी म्हटलं. "प्रश्न गेला तो गेला. पण लक्षवेधी सूचना देता येते, मधेच देता येते. एकच विषय, आणि मंत्र्याला त्यावर निवेदन करावं लागतं. लागेलच असं नाही. पण यांनी उद्या सकाळी दिली तर लागू शकते. चला."

"कुठे?"

"एस.टी.डी. बूथवर. झुलालआबांच्या फोनवर नको, मला यांच्याशी ओरडून बोलायचंय."

सुनंदाबाईंनी ओट्यावरची फाइल उचलून पिशवीत टाकली. "लुनावर बसता येतं का, लेकरू घेऊन?"

"नाही."

"मग चालत."

कॉलेजरोडच्या बूथपर्यंत त्या पुढे आणि चिंगीला घेऊन मी मागे, अशा आम्ही चालत गेलो. आमदार निवासात फोन लागायला वीस मिनिटं गेली. हे जेवायला आलेले सापडले. मी एका दमात सांगितलं, की मी बाईंना खरं सांगितलंय, लक्षवेधी द्यायचीय, उद्याच.

यांनी विचारलं, "बाई आहेत तिथे? दे त्यांना."

मी फोन दिला. काचेला टेकून उभी राहिले. "भाऊ, तुम्ही माझ्याशी खोटं कसाले बोलनात?" असं म्हणून त्या जे सुरू झाल्या, ते पाच मिनिटं यांना बोलूच दिलं नाही. मग पलीकडून यांचं हसणं ऐकू आलं. कालच्या फोनवर माझ्याशी बोलताना हे हसले नव्हते. मला ते लागलंच. इतकं सगळं झाल्यावर लागायला नको होतं, पण लागलं.

"वहिनी, घ्या. मजकूर लिहून घेणार आहेत. माझं बोलणं पसरट, तुम्ही सांगा." त्यांनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे उघडून धरली. कोंबडीचे पायच होते. गाव, महिना, बाईचं नाव, नवऱ्याचं नाव. "पोर द्या इकडे."

मी चिंगी त्यांच्याकडे दिली, फोन मानेत धरला आणि वहीवर बोट ठेवलं.

"लिहा," मी यांना म्हटलं. "आकडा नको, नावं टाका. एक, यशोदाबाई तोताराम. घेतलं? दोन, मंदाबाई..."

चिंगी माझ्याशिवाय कुणाकडे राहत नसे. त्या बाईच्या खांद्यावर मात्र ती दोन मिनिटांत गप्प झाली, वर तिच्या कानातल्याशी खेळायला लागली. तेही मला आवडलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि तिसरं नाव वाचलं.