नऊ दीड साडेतेरा

गणित मला येत नाही. आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी नाक मुरडायला नको. पण पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे मला झोपेतून उठवून विचारा. मी ते शिकले नाही, ते कानावर पडले. लग्न होऊन तंजावरला आले तेव्हापासून संध्याकाळ झाली की आमच्या तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, मुलं घसा फाडून पाढे म्हणताहेत आणि आत मी सार उकळतेय. सार कितीदा उतू गेलं असेल, पाढा कधी चुकला नाही.

माझे यजमान अनिरुद्धराव. सरकारी शाळेत गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण तिण्णैवरचा वर्ग काही सुटला नाही. आठवीच्या मुलांची एक स्कॉलरशिपची परीक्षा असते, तिची तयारी करून घ्यायचे. चार उत्तरं छापलेली, त्यातलं बरोबर असेल त्याचा गोल काळा करायचा. प्रश्न फार आणि वेळ थोडा. यांचं म्हणणं, कागदावर गुणाकार मांडत बसलेलं पोर मागे पडतं. सव्वापट, दीडपट तोंडात बसलेली पाहिजे. आणि तमिळमध्ये हे पाढे यांना ठाऊक नव्हते, म्हणून आपल्या वडिलांनी शिकवले तसे मराठीतच शिकवायचे. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मराठी घरं उरलीत चार-दोन. तिण्णैवरची पोरं सगळी तमिळ. त्यांना मराठीत 'पाणी द्या' म्हणता येणार नाही, पण दिडकी अशी खणखणीत म्हणायची की ऐकत राहावं. आमच्या मुलाची, भरद्वाजची मुलं चेन्नईत असतात, फोनवर आजीशी इंग्रजीत बोलतात, आणि इथे इडलीवालीचा मुलगा 'पाच दीड साडेसात' म्हणतोय! हसावं की रडावं, सांगा.

गेल्या वर्षीच्या तुकडीत नित्या होती. सतीशकुमार ऑटोवाल्याची मुलगी. हाडकुळी, कपाळाला ही मोठी विभूती, डोळे मात्र चौकस. आई नाही तिला. बापानं ठरवून टाकलं होतं, आठवी झाली की हिला तिरुप्पूरला आत्याकडे धाडायचं. आत्याला जुळी झाली होती, ती सांभाळायला. "शाळा तिथेही आहे मामी," मला समजावतोय तो. मी म्हटलं, "आहे की! एक पोर या काखेत, एक त्या काखेत घेऊन जाईल ती शाळेत." बिचारा खाली मान घालून उभा राहिला. शेवटी यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं, नित्याला स्कॉलरशिप मिळाली तर ती इथेच राहील, बारावीपर्यंत. नाही मिळाली तर तिरुप्पूर. एवढं सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं होतं.

आणि नेमके त्याच वर्षी हे चुकायला लागले.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चिंच कोळत होते. बाहेरून आवाज आला, "आठ दीड बारा, नऊ दीड साडेचौदा." मुलांनी मागोमाग तेच म्हटलं, साडेचौदा. माझे हात तसेच राहिले. साडेचौदा? नऊ दीड साडेतेरा! मला काही सुचेना. बाहेर जाऊन पोरांदेखत त्यांना कसं सांगू? ज्या माणसानं उभ्या जन्मात फळ्यावर चूक केली नाही, त्याला सांबारवाल्या हातानं मी काय दाखवू? शेजारी पितळेचं पातेलं होतं, त्यावर पळी आपटली. धाणकन आवाज झाला.

"काय पडलं गं, राजम?"

"काही नाही. पळी."

ते थांबले. मग मुलांना म्हणाले, "हं, पहिल्यापासून." आणि या खेपेला बरोबर म्हणाले. साडेतेरा.

तेव्हापासून हाच माझा उद्योग झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची! बाहेर चुकलं की आत पळी वाजायची, हे मागे जाऊन पुन्हा सुरू करायचे, आणि दुसऱ्या खेपेला बहुतेक नीट यायचं. डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं होतं असं, आणखी होत जाईल. हे एवढं शिकलेले लोक, आणि सांगतात काय, तर होत जाईल! घरी येताना बसमध्ये हे खिडकीतून बघत होते आणि मी यांच्याकडे. मला इतका राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर ते कळत नव्हतं.

मुलंही काही दुधखुळी नव्हती. पळी वाजली की नित्या हळूच वहीत खोडायची. तिचं बघून बाकीचेही खोडायला लागले. कुणी एका शब्दानं बोललं नाही. मला वाटलं, जमलं. परीक्षेपर्यंत हे असंच रेटून नेऊ.

पण पाढे म्हणजे अख्खं गणित नव्हे. ते मला कुठं ठाऊक!

एके दिवशी वर्ग सुटल्यावर नित्या पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात आली. पाणी पिऊन झालं तरी हलेना.

"काय गं?"

"मामी, आज व्याजाचं गणित सरांनी चुकीचं सोडवलं. तुम्ही वाजवलं नाहीत."

"अगं, त्यातलं मला काय कळतं? मला नुसते पाढे येतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे इतके दिवस या पोरीला वाटत होतं की आतमध्ये मामी सगळं तपासतेय, आपल्याला भीती नाही. "बाकी सगळ्यांनी तसंच उतरवून घेतलंय," ती म्हणाली.

"तू प्रवीणकुमारकडे जा," मी म्हटलं. प्रवीणकुमार म्हणजे यांचाच जुना विद्यार्थी, नव्या बस स्टँडजवळ त्याचा क्लास आहे. "आजच जा. मी सांगते त्याला."

"सरांना काय वाटेल?"

"सरांचं मी बघते! तिरुप्पूरला जायचंय का तुला?"

तिचे डोळे भरले, पण मान काही तिनं हलवली नाही. "मी सर सांगतील तिथेच बसणार," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. मला तिला दोन धपाटे घालावेसे वाटले, आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

यांची एक जुनी रीत होती. परीक्षा जवळ आली की एका रविवारी मुलांबरोबर हेही घड्याळ लावून पेपर सोडवायला बसायचे. मुलांसारखेच गोल काळे करायचे. मग पेपरांची अदलाबदल, आणि मास्तरांचा पेपर वर्गातल्या एखाद्या मुलानं तपासायचा. "चूक दिसली तर काट मारायची," हे बजावायचे. "मास्तर आहे म्हणून सोडलंत तर कान पिळीन." वर्षानुवर्षं पोरं मोठ्या उमेदीनं एखादी तरी काट शोधायची आणि त्यांना ती कधी सापडली नाही.

त्या रविवारी यांचा पेपर नित्याकडे गेला. मी दारात उभी राहून बघत होते. पेन हातात धरून ती किती वेळ नुसती बसली होती. मग भराभर खाली उतरत गेली. सगळीकडे बरोबरच्या खुणा. वर पैकीच्या पैकी मार्क. यांनी पेपर घेतला, पाहिला, घडी घालून खिशात ठेवला. मुलांना म्हणाले, "छान. उद्या या." माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पूजा झाल्यावर, हे आत आले. सकाळी डोकं निवळशंख असायचं यांचं. पाटावर बसले आणि खिशातून तो पेपर काढून माझ्यापुढे ठेवला.

"मी पुन्हा सोडवून पाहिला, राजम. पुष्कळ चुकलंय. आणि त्या मुलीनं सगळं बरोबर धरलंय."

"लहान आहे ती. तिला कळलं नसेल."

"तिला कळलंय. माझ्यापेक्षा जास्त कळलंय." पेपरवरून त्यांनी बोट फिरवलं. "माझ्या वर्गात आजवर कुणी असं केलं नव्हतं. माझं मन राखायला जी पोर चुकीला बरोबर म्हणते, तिला मी काय शिकवतोय? उद्या त्या हॉलमध्ये तिला माझा आवाज आठवला तर ती कुठला गोल काळा करील?"

मी पेपरची पुन्हा घडी घालायला लागले.

"आणि ती पळी," ते म्हणाले. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पातेल्याला पोचे पाडलेस तू. माझ्या आईचं पातेलं ते."

मी पदर तोंडाला लावला. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं, पण हे हसत होते.

त्याच संध्याकाळी ठेवणीतला शर्ट घालून हे मुलांना घेऊन निघाले. मीही मागोमाग गेले, कारण परतीचा रस्ता आठवेल याचा भरवसा नव्हता. यांना बघून प्रवीणकुमार खुर्चीवरून उठला, वाकला. हे म्हणाले, "प्रवीण, ही माझी मुलं. परीक्षेपर्यंत तू बघ. ही नित्या, हिच्याकडे जास्त लक्ष दे. हिला सगळं येतं, पण ही फार भिडस्त आहे." तो म्हणाला, "सर, तुम्हीही या ना, पाढे घ्या त्यांचे." यांनी नको म्हणून मान हलवली. मग नित्याकडे वळून म्हणाले, "इथे कुणाचं मन राखायचं नाही. बरोबर ते बरोबर. कळलं?" ती रडत होती. रडता रडता "कळलं सर" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या वेळेला हे सवयीनं तिण्णैवर जाऊन बसले. हातात खडू. कोणी येणार नव्हतं. अंधार पडेपर्यंत बसले आणि मग मला विचारलं, "आज सुटी आहे का गं?" मी म्हटलं, "होय की, सुटीच आहे." आत येऊन मी पोटभर रडून घेतलं.

परीक्षा झाली, उन्हाळा लागला. तोवर यांच्या आठवणीतलं बरंच काही गेलं होतं. भरद्वाज येऊन राहून गेला, त्याला हे 'अहो' म्हणत होते. माझं नाव कधी आठवायचं, कधी नाही.

एका दुपारी नित्या आली. हातात तिरुवैयारूच्या अशोका हलव्याचा डबा, मागे ऑटोपाशी सतीशकुमार हात जोडून उभा. मला विचारायची गरजच पडली नाही. "स्कॉलरशिप मिळाली मामी," ती म्हणाली, "मी इथेच राहणार." मी तिची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. किती दिवसांनी या घरात आनंदाची गोष्ट आली होती! म्हटलं, "जा, सरांना सांग. ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस." आणि मी डबा ठेवायला आत गेले. सार उकळत होतं, हातात पळी घेतली.

आतून मला तिण्णैवर दोघं दिसत होती. तिनं वाकून नमस्कार केला. हे तिच्याकडे बघत राहिले.

"नाव काय तुझं?"

"नित्या, सर."

"स्कॉलरशिपला बसायचंय?"

तिनं ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "होय सर."

"मग दिडकी म्हण."

ती हाताची घडी घालून ताठ उभी राहिली, वर्गात राहायची तशी, आणि म्हणायला लागली. एकाही ठिकाणी अडखळली नाही. "आठ दीड बारा, नऊ दीड साडेतेरा..."

यांनी तिण्णैवर थाडकन हात मारला. "चूक! नऊ दीड साडेचौदा. कुणी शिकवलं तुला? पुन्हा म्हण."

माझा हात आपोआप वर गेला. पळी पातेल्यावर आपटायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात नित्यानं दारातून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी थोडीशी मान हलवली, नको म्हणून. मग यांच्याकडे वळली.

"नऊ दीड साडेचौदा, सर."

"शाब्बास!" यांचा चेहरा असा फुलला, कितीतरी महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. "असं म्हटलंस तर परीक्षेत कोण अडवतंय तुला!"

मी पळी हळूच सारात सोडली, आवाज होणार नाही अशी.