न झालेलं काम

शांतीलाल ग्रामसेवकाने बांधावर पाय दाबून पाहिला. दगड हलला नाही. कंबरेइतका बांध ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेला होता, आणि त्याच्या पिशवीत मात्र तो बांध घालायला मंजुरी मिळावी म्हणून केलेला अर्ज होता.

चूक त्याचीच. दोन महिन्यांपूर्वी तोच सांगून गेला होता की निम्मं काम गावाचं, निम्मं सरकारचं. गावाने अंगमेहनत द्यायची, सरकार सिमेंट देईल. सातपुड्यातल्या माणसाला निम्मं म्हटलं की तो आधी आपलं निम्मं देऊन मोकळा होतो. गावचा म्हातारा कारभारी खात्या याने लाह बोलावली. लाहेला घरटी माणूस येतो. मजुरी नाही, हजेरी नाही, गात काम करायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवायचं. नऊ दिवसांत बांध उभा राहिला. आठव्या दिवशी दरडीवरचा धोंडा सुटला आणि खात्याचा मुलगा जामसिंग त्याखाली सापडून मेला. तरीही जामसिंगच्या बायकोने, दिवलीबाईने, काम थांबू दिलं नाही.

नियम साधा होता: मंजुरीआधी सुरू झालेलं काम अनुदानाला पात्र नाही. सरकारचं घोडं नेहमी वरातीमागून येतं, पण वरात पुढे निघालेली दिसली तर ते येतच नाही. आणि सिमेंट नसेल तर बांध पहिल्याच पुरात जाणार. मग चैत्रात पुन्हा डबक्याचं पाणी. गेल्या चैत्रात त्या पाण्याने गावातली पाच पोरं गेली होती. दिवलीबाईची धाकटी त्यांतलीच.

शांतीलालने हे सगळं खात्याच्या ओट्यावर बसून समजावलं. शेवटी खाली बघत म्हणाला,

"दगड काढी टाका, बाबा. काम सुरूच व्हयनं नही, असं लिखस मी."

दाराआड उभी असलेली दिवलीबाई पुढे आली. बाहेरच्यांशी ती क्वचितच बोलायची.

"मंग तो कोठे मरी गया? काय सांगू पोरेस्ले?"

शांतीलालला स्वतःची लाज वाटली. तो पाणीसुद्धा न पिता डोंगर उतरला.

दुसऱ्या दिवशी खात्याने पुन्हा लाह बोलावली. तीच माणसं आली. बांधायला नऊ दिवस लागले होते, मोडायला दोन पुरले. दगड लांब नेऊन रानात विखरून टाकले. दोन्ही संध्याकाळी सगळ्यांची भाकर दिवलीबाईने थापली. पण या वेळी लाहेत कुणी गायलं नाही.

पंधरा दिवसांनी ओव्हरसियर घोड्यावरून आले. भला माणूस होता. त्यांनी टेप लावली, ओढ्याची रुंदी घेतली, जागेची तारीफ केली. मग अर्ज उघडून गावकऱ्यांकडे पाहिलं.

"इथे अजून कामाला सुरुवात केलेली नाही ना? गावाच्या तोंडून ऐकायला हवं."

खात्याने ओढ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली. शांतीलाल आता काहीतरी बोलणार, तोच दिवलीबाई डोक्यावरचा पदर सावरत साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"नही साहेब," ती म्हणाली. "आठे आजून कोनी काही करेल नही."

साहेबांनी समाधानाने मान हलवली आणि कागद शांतीलालकडे दिला. त्या रकान्यात त्याला 'नाही' एवढंच लिहायचं होतं. ते लिहायला त्याला फार वेळ लागला.