कमानीवरचा ठिपका

गुरुवारी सकाळी साडेदहाला, प्रयोगशाळेच्या साप्ताहिक बैठकीत, उएमात्सु रिनोने पडद्यावर आपल्या प्रयोगाची एक एक्स-रे फिल्म दाखवली आणि प्रमुख प्राध्यापक ओकिनागा सेन्सेई खुर्चीतून उठले.

उठून ते पडद्यापाशी गेले. चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं. फिल्मवर फिकट राखाडी कमान होती. कमानीच्या मध्यावर एक ठिपका होता, भातावर ठेवलेल्या उमेबोशीच्या खारवलेल्या फळासारखा गोल आणि ठसठशीत.

"हा उलट्या बाजूचा?"

"हो, सेन्सेई."

"आणि थांबलं?"

"थांबलं."

तोगाशी मिनेको टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. सेन्सेईंच्या हाताखाली तिची दहा-बारा वर्षं गेली होती. एवढ्या वर्षांत तिच्या कुठल्याच फिल्मसाठी ते उठले नव्हते. बसल्या जागेवरून "हं, ठीक" म्हणत आणि पुढच्याकडे वळत.

जिवाणूचा डीएनए म्हणजे एक बंद कडं. त्याची नक्कल एका जागी सुरू होते. नक्कल करणारी दोन यंत्रं दोन दिशांना निघतात आणि कड्याच्या पलीकडच्या अंगाला एकमेकांना भेटतात. तिथं कुणी हद्द ओलांडून पुढं जाऊ नये म्हणून टस नावाचं प्रथिन डीएनएच्या ठरावीक तुकड्यांवर घट्ट बसून असतं. त्याची खोड अशी, की ते एकाच, सुलट्या बाजूने येणाऱ्याला अडवतं. दुसऱ्या, उलट्या बाजूने आलेलं यंत्र त्याला बाजूला सारून सरळ निघून जातं. नक्कल थांबली की फिल्मवरच्या कमानीवर ठिपका उमटतो. निघून गेली तर कमान कोरी राहते.

दोन्ही बाजूंनी अडवेल असं टस बनवायचं, हा मिनेकोचा ध्यास. उलट्या बाजूच्या तिच्या फिल्मवर आजवर फार तर धुरकट डाग आला होता. प्रथिनात कुठं बदल केला की पकड वाढते, अशा दोन जागा तिनेच शोधल्या होत्या. एकदा ही बदलून पाहिली, एकदा ती. रिनोने दोन्ही एकदम बदलल्या. एवढंच.

"हे सगळं मिनेको-सानचंच आहे," रिनो तिच्याकडे वळून वाकली. "मी फक्त जोडलं."

त्यापेक्षा तिने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"शरदातल्या परिषदेत उएमात्सु बोलेल," सेन्सेई म्हणाले. मग आठवण झाल्यासारखं म्हणाले, "तोगाशी, तू तिची तयारी करून घे. चालेल ना?"

"चालेल, सेन्सेई."

मिनेकोचा करार मार्चअखेर संपत होता. रिनोची पीएचडीही तेव्हाच पुरी व्हायची होती. एप्रिलपासून विभागात एकच कायमची जागा होती आणि परिषदेत प्रयोगशाळेचा चेहरा कोण, यावर ती ठरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दुपारी कँटीनमध्ये कावाझोए समोर येऊन बसला. तो तिच्याच वयाचा. प्रयोगशाळेतली यंत्रं सांभाळायचा आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

"काय गं तोगाशी, सूपातल्या त्या शिंपल्यांकडे डोळे वटारून काय बघतेस? त्यांनी काय केलं तुझं?"

"सूपात वाळू आलीय."

"वाळू सूपात नाही, तुझ्या तोंडावर आलीय. मला काय वाटतं सांगू? मांजू मिठाईचा एक डबा आण आणि पोरीचं अभिनंदन कर. मोठेपणा दिसतो. वर मलाही दोन मिळतील."

"गप जेव."

"जेवतोय. पण पोरगी गुणी आहे हां. आल्या दिवसापासून तुझ्या मागं मागं."

"तेच तर," मिनेको म्हणाली, आणि सूप तसंच ठेवून उठली.

संध्याकाळी तयारीसाठी म्हणून रिनोने चारही फिल्म तिच्यापुढं मांडल्या. साधं टस सुलट्या बाजूला: ठिपका. नवं टस सुलट्या बाजूला: ठिपका. नवं टस उलट्या बाजूला: तो ठिपका. चौथी, साधं टस उलट्या बाजूला: कोरी. मिनेकोचं लक्ष चौथीवर अडकलं. ती फिल्म रिनोची नव्हती. तिची स्वतःची होती, जुन्या शोधनिबंधातली. खाली नीट लिहिलेलंही होतं: तोगाशी यांच्या सौजन्याने.

"ही तू केली नाहीस?"

"तुम्ही केलेली आहे ना." रिनो गोंधळली. "ती मी परत कशी करणार?"

तिचं चुकत नव्हतं. सेन्सेईंच्या प्रयोगशाळेत वरच्याने केलेलं खालच्याने पुन्हा करून पाहणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. मिनेकोही याच रिवाजात वाढली होती. पण टसचा तुकडा सुलटा बसवलेल्या आणि उलटा बसवलेल्या डीएनएच्या नळ्या दिसायला सारख्याच असतात. रिनोच्या उलट्या नळीत चुकून सुलटा डीएनए गेला असेल, तर साधं टससुद्धा तिथं ठिपका देईल आणि नव्या टसची सगळी कर्तबगारी पोकळ ठरेल. ते पाहायला तीच नळी घेऊन चौथी चाचणी करायला हवी होती.

"ठीक आहे," मिनेको म्हणाली. घरी जाताना तलावाकाठी तिची पावलं हलकी पडत होती. नळी चुकलेलीच असणार, असं तिने मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन तिने फ्रीझरमधली रिनोची नळी काढली. त्यातला थेंबभर डीएनए विकराने कापला आणि तुकड्यांची लांबी पाहिली. डीएनए उलटाच होता. नळी बरोबर होती.

तिने पुन्हा कापून पाहिलं. बरोबरच.

मग तिने राहिलेली चाचणी स्वतः लावली, कुणाला न सांगता. आठवड्याने फिल्म धुऊन उजेडाकडे धरली. कमान स्वच्छ होती, ठिपका नव्हता. म्हणजे रिनोचा ठिपका खरा होता. तिच्या हातातली फिल्म आता रिनोला कुणीही हलवू शकणार नाही असा पुरावा होती, आणि तो तिने स्वतः तयार केला होता. तिने फिल्म खणात टाकली आणि खण गुडघ्याने बंद केला.

परिषदेच्या आदल्या दिवशी रिनोने तिला संपूर्ण भाषण म्हणून दाखवलं. शेवटी विचारलं, "काही राहिलंय का? खरं सांगा. सेन्सेई कौतुकात आहेत, त्यांना दिसणार नाही. तुम्हाला दिसेल."

"तिसऱ्या पानावरची अक्षरं मोठी कर."

"बस?"

"बस."

"मग सुटले!" रिनोने पिशवीतून एक संत्रं काढून तिच्या हातात ठेवलं. "आईने पाठवलीत. तुम्हाला म्हणून सगळ्यात मोठं ठेवलंय."

मिनेकोने ते टेबलावरच सोडलं. मात्र सकाळी परिषदेसाठी ओकायामाची गाडी पकडायला निघताना तिने खणातली फिल्म पिशवीत टाकली. का, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

रिनो छान बोलली. सभागृह शांत होतं. प्रश्नांची घंटा झाली तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हातारे प्राध्यापक उठले.

"उलट्या बाजूच्या याच नळीत साधं टस घालून तुम्ही पाहिलंत का?"

"ते तोगाशी-सान यांनी पूर्वीच—"

"तोगाशींनी त्यांच्या नळीत पाहिलं. मी तुमच्या नळीचं विचारतोय. तिच्यात सुलटा डीएनए नाही, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?"

रिनोच्या मानेवर लाली चढली. पहिल्या रांगेतल्या सेन्सेईंची पाठ ताठ झाली. रिनोने सभागृहात पाहिलं, आणि शोधावं न लागता तिची नजर मिनेकोवर येऊन थांबली. त्या नजरेत संशय नव्हता. हिला उत्तर माहीत असणार, एवढा भरवसा होता.

सेन्सेईही मागं वळले.

"वेळ थोडा आहे," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्या प्रयोगशाळेतलं आणखी कुणी काही सांगणार आहे का?"

रांगांमधल्या वाटेतला मायक्रोफोन मिनेकोपासून हाताच्या अंतरावर होता. पिशवी तिच्या मांडीवर होती, चेन अर्धी उघडलेली. शेवटची घंटा अजून वाजली नव्हती.